कख आणि खक

व्याख्यान संपत आलं होतं. ऑनलाइन व्याख्यानांच्या शेवटी येते तशी मरगळ आली होती. अर्ध्याअधिक चौकटी काळ्या, कुणाच्या तरी माईकमधून पंख्याची घरघर, आणि वक्ते घड्याळाकडे बघत उरलेल्या स्लाइड भराभर पुढे ढकलत होते. विषय होता फॉर्मल ग्रुप लॉ. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, इथे सगळीकडे कख आणि खक एकच धरलंय. ते वेगळे ठेवले तर काय होईल?" वक्ते म्हणाले, "ठेवता येतात ना. सगळं हेच, फक्त जास्त किचकट." आणि पुढची स्लाइड आली. मुलीने "थँक यू सर" म्हणून माईक बंद केला. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नसावं. मला मात्र ते उत्तर खड्यासारखं लागलं. एखादी अट सैल केली की पसारा वाढणारच, हे त्या उत्तरात इतकं सहज गृहीत धरलेलं होतं की त्याची तपासणी करावी असंही कुणाला वाटू नये. व्याख्यान संपलं, पडदा मिटला, आणि डोक्यात तेवढं एकच वाक्य राहिलं: सगळं हेच, फक्त जास्त किचकट. खरंच सगळं हेच?

क्रमनिरपेक्षता हा गुणधर्म शाळेत आपण पाठ करतो तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटत नाही. तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा, यात नवल ते काय! त्याला एवढं लांबलचक नाव कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. त्या नावाची किंमत कळते ती पुढे कधीतरी, मॅट्रिक्स गुणायला घेतल्यावर. दोन मॅट्रिक्स एका क्रमाने गुणायचे, मग उलट क्रमाने, आणि दोन वेगळी उत्तरं शेजारी शेजारी मांडून बघत बसायचं. मला ते दृश्य अजून आठवतं: वहीचं डावं पान, उजवं पान, मध्ये शिवण, आणि दोन्हीकडे चार-चार आकडे, एकही न जुळणारा. पायमोजे आणि बुटांचा तो झिजलेला दाखला तेव्हाही दिला गेला होता. आधी मोजे मग बूट, वगैरे. मला तो कधीच पटला नाही, कारण तिथे उलटा क्रम मूर्खपणाचा असतो. मॅट्रिक्समध्ये दोन्ही क्रम तितकेच शहाणे असतात, आणि गंमत नेमकी तीच आहे.

फॉर्मल ग्रुप लॉ म्हणजे दोन चलांची एक अनंत घातमालिका. तिची सुरुवात क + ख अशी होते, पुढे वरच्या घातांची पदं लागतात, आणि खरी अट एकच असते, साहचर्याची. क आणि ख आधी जोडून मग ग जोडा, किंवा ख आणि ग आधी जोडून त्यांना क जोडा. मालिकेच्या शेवटापर्यंत, म्हणजे कधीच न येणाऱ्या शेवटापर्यंत, दोन्ही उत्तरं सारखी हवीत. नुसतं क + ख चालतं. क + ख + कख हेही चालतं, कारण ते (१ + क) आणि (१ + ख) यांच्या गुणाकारातून १ वजा केल्यावर उरणारं आहे. वेष बदललेला गुणाकारच. सापेक्षतावादात एकाच दिशेच्या दोन वेगांची बेरीज करतात तो नियमही याच जातीचा: (क + ख) भागिले (१ + कख), प्रकाशाचा वेग १ धरून. मालिका कुठे अभिसरते, तिची किंमत किती, असले प्रश्न इथे कुणी विचारत नाही. सहगुणकांनी आपापसांत जमवून घेतलं की झालं. बॉख्नरने १९४६ साली ही कल्पना मांडली ती ली ग्रुपच्या, म्हणजे फिरवण्यासारख्या सलग बदलत जाणाऱ्या क्रियांच्या समूहांच्या, अभ्यासासाठी. पण तिला स्वतःचं घर मिळालं ते १९५५ साली, मिशेल लाझारमुळे.

लाझारचा तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. साहचर्याची अट सहगुणकांवर इतकी समीकरणं लादते की त्यांच्या जंजाळातून काही सुटसुटीत हाती लागेल अशी आशा ठेवायला जागाच दिसत नाही. आणि लाझार म्हणतो, नाही, सगळं मोकळं आहे. एका चलाच्या, म्हणजे क आणि ख प्रत्येकी एकेकच अक्षर असलेल्या, सगळ्या क्रमनिरपेक्ष फॉर्मल ग्रुप लॉंना सामावून घेणारी एकच रिंग (बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालतो असा संच) आहे, आणि ती पूर्णांकांवरची बहुपदींची रिंग आहे, अनंत स्वतंत्र चलांची. प्रत्येक पायरीवर एक नवा मोकळा आकडा निवडा, बाकीचं आपोआप बसतं. पुढे १९६० च्या सुमारास मिल्नर आणि नोविकोव्ह यांनी टोपोलॉजीच्या, म्हणजे ताणून-वाकवूनही न बदलणाऱ्या आकारगुणांच्या गणिताच्या, एका अगदी वेगळ्या गल्लीत, कॉम्प्लेक्स कोबॉर्डिझममध्ये (कुठले आकार मिळून एखाद्या मोठ्या आकाराची कड होतात ते बघणाऱ्या शाखेत), अशीच अनंत चलांची रिंग शोधली. आणि १९६९ साली क्विलनने जेमतेम सहा पानांच्या टिपणात सांगितलं की या दोन रिंग नुसत्या सारख्या दिसत नाहीत, त्या एकच आहेत. सहा पानं! आजकाल तेवढी पानं नुसत्या प्रस्तावनेला लागतात.

या सगळ्यात क्रमनिरपेक्षता कुठून आली हे मात्र पटकन लक्षात येत नाही. टोपोलॉजीत ती फुकट येते: दोन लाइन बंडलचा (अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा उभी करणाऱ्या रचनांचा) टेन्सर गुणाकार कुठल्याही क्रमाने घ्या, बंडल तेच, म्हणून नियमही सममित. बीजगणितात ती जवळजवळ फुकट येते, आणि त्या "जवळजवळ"मध्ये माझा जीव अडकला. एकाच चलाचा नियम असेल, आणि सहगुणकांच्या रिंगेत असा कोणताही शून्येतर घटक नसेल की जो स्वतःशी गुणत गेल्यावर शून्य होतो आणि कुठल्यातरी पूर्णांकाने गुणल्यावरही शून्य होतो, तर नियम सममित असावाच लागतो. म्हणजे साहचर्य मागितलं की क्रमनिरपेक्षता पदरात पडते. अपवाद हवा असेल तर रिंगच थोडी किडकी घ्यावी लागते. अशी रिंग घ्या जिच्यात २ म्हणजे शून्य आहे, आणि तिच्यात एक घटक ल, ज्याचा वर्ग शून्य आहे. मग क + ख + ल·क·ख·ख हा नियम लिहा. डावीकडून कंस टाका, उजवीकडून टाका. दोन्हीकडे कखख, कगग आणि खगग यांनाच ल लागतो आणि बाकी सगळं मरतं, कारण २ शून्य आहे म्हणून (ख + ग) च्या वर्गात मधलं पद उरत नाही, आणि ल चा वर्ग शून्य आहे म्हणून त्याच्या पुढचं काहीच उरत नाही. साहचर्य शाबूत. पण क आणि ख ची अदलाबदल केली तर लकखख चं लखकक होतं. एवढासा, डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा असममितपणा.

मला हे उदाहरण फार आवडतं. मोठ्या प्रमेयाला पडलेली ती एवढीशी भेग आहे, आणि ती कुठे पडते हे अगदी बोट ठेवून दाखवता येतं.

पण त्या मुलीचा प्रश्न हा नव्हता. इथे नियम असममित असला तरी चलं स्वतः भांडत नाहीत; कख आणि खक अजून एकच आहेत. अनेक चलं घेतली, म्हणजे क आणि ख प्रत्येकी अक्षरांची यादी असली, तर असममित नियम मुबलक मिळतात, क्रम महत्त्वाचा असलेल्या प्रत्येक ली ग्रुपमधून एक. तिथलं सगळ्यांत प्रसिद्ध सूत्र बेकर, कॅम्पबेल आणि हाउसडॉर्फ यांच्या नावाने चालतं, साधारण १८९७ ते १९०६ या काळातलं, आणि त्याचं उघड रूप दिन्किनने १९४७ साली दिलं. क + ख, मग कंसातल्या फरकाचं, म्हणजे कख − खक चं, अर्धं, मग बाराव्या भागांची पदं, मग चोविसावा भाग. सूत्र थोर आहे यात वाद नाही. पण ते छेद मला कायम खुपत आले आहेत. पूर्णांकांत राहू पाहणाऱ्या माणसाला हे सूत्र दारातच अडवतं: आधी भागायची मुभा आण, मग आत ये.

मुलीचा प्रश्न त्याहून मुळातला होता. चल एकच, म्हणजे नियमात क आणि ख दोनच अक्षरं, पण कख आणि खक हे दोन वेगळे शब्द. कखक वेगळा, ककख वेगळा, खकक वेगळा. घातमालिका आता पदांची न राहता शब्दांची झाली. सहगुणक साधेच ठेवायचे, ते कुणाच्याही शेजारी निमूट सरकतात. आणि साहचर्य मागायचं. एका रात्री मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले. अशा हिशोबाला संगणक वापरता येतो हे मलाही माहीत आहे. पण पेन्सिलीने शब्द लिहिताना कुठला शब्द सारखा हाताखाली येतोय हे बोटांना कळतं, ते पडद्यावर कळत नाही. दुसऱ्या घातात दोनच शब्द आहेत, कख आणि खक. त्यांना अ आणि ब असे सहगुणक दिले. दुसऱ्या घातापर्यंत साहचर्याची काहीच तक्रार नाही, अ आणि ब काहीही चालतात. तिसऱ्या घातात क, ख, ग या तीन अक्षरांचे सहा क्रम समोर येतात आणि दोन कंसांमधला फरक काढला की त्यातले दोन क्रम, कखग आणि गखक, गपचूप कटतात. उरतात चार: अब गुणिले खकग + गकख − कगख − खगक. नीट बघितलं तर हा फरक म्हणजे ख आणि (कग − गक) यांचं आपसांतलं भांडण आहे.

हे भांडण मिटवायचं तर नियमातच तिसऱ्या घाताची पदं घालावी लागणार. कुठली घालायची हे शोधायला सहा अज्ञातांची सहा समीकरणं पुरली, आणि उत्तर इतकं देखणं निघालं की मी ते वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवलं: क + ख + अ·कख + ब·खक + अब(कखक + खकख). वर हवं तर सहाच्या सहा शब्दांना एकसारखा कुठलाही सहगुणक आणखी देता येतो, त्याने काही बिघडत नाही. पण अब हा सहगुणक मिळतो तो फक्त कखक आणि खकख यांना, म्हणजे एका अक्षराला दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी घेरलेलं असेल अशा शब्दांना. दोन्ही क्रमांना एकाच वेळी जागा दिल्याची ती किंमत आहे. अ किंवा ब यांपैकी एक शून्य असेल तर किंमत माफ. ताळा म्हणून अ ला अर्धा आणि ब ला उणे अर्धा दिला. अब झाला उणे एक चतुर्थांश. सगळ्या शब्दांना वर एकसारखा एक बारांश दिला. घेरलेल्या शब्दांचा सहगुणक आला उणे एक षष्ठांश, म्हणजे उणे दोन बारांश. बेकर-कॅम्पबेल-हाउसडॉर्फ सूत्र कंस सोडवून शब्दांत लिहिलं की तिथे बरोब्बर हेच आकडे असतात. पेन्सिल खाली ठेवून मी स्वतःशीच हसले. इतकी वर्षं ज्या छेदांवर राग धरला होता, त्यांच्यातला एक तरी कुठून येतो ते आता दिसत होतं.

मग पुढे. चौथा घात, पाचवा घात, अनंत नवे मोकळे आकडे, लाझारच्या रिंगेहून कितीतरी मोठं काहीतरी. मनाची तयारी तशीच होती. पण असल्या नियमांत एक सोय नेहमी असते: चल बदलायची. क च्या जागी क मध्ये थोडा कक मिसळून घेतला तर नियम दिसायला बदलतो, आतून तोच राहतो. दुसऱ्या घातात असं केलं की अ आणि ब दोन्ही सारख्याच मापाने सरकतात. म्हणून अ आणि ब ना स्वतःची अशी खूण नाही. टिकतो तो त्यांचा फरक, अ − ब. त्याला म म्हणू. ब ला सरकवून शून्य करून टाका, घेरलेले शब्द गेले. आता तिसऱ्या घातात जे काही मोकळं उरलं, तेही चल बदलून पुसता येतं. चौथ्यातलंही. पाचव्यातलंही. हे प्रत्येक घाताला हाताने करायची गरज नाही. न ही कुठलीही संख्या धरा: न अक्षरी शब्दांची कोहोमोलॉजी, म्हणजे पुसापुशीनंतर जे उरतं त्याचा हिशोब, फक्त न व्या पायरीवरच असते, आणि नियमांना ज्या दुसऱ्या पायरीची पर्वा आहे तिथे दोन अक्षरी शब्दांखेरीज कुणाचंच काही उरत नाही. हा युक्तिवाद तीन ओळींत मावतो. निष्कर्ष एका ओळीत: एका चलाचा, शब्दांतला कुठलाही फॉर्मल ग्रुप लॉ चल बदलून क + ख + म·कख होतो. उलट्या क्रमाने लिहिला तर म चं चिन्ह बदलतं, बस्स.

एवढंच?

खरं सांगायचं तर मी हिरमुसले. जंगलात शिरायचं म्हणून बूट बांधून निघावं आणि बाहेर एकच झाड असावं, तसं. लाझारच्या क्रमनिरपेक्ष जगात अनंत मोकळे आकडे, प्रत्येक मूळ संख्येचा आपला वेगळा खेळ, हाइट नावाची ती गूढ पायऱ्यांची शिडी, आणि त्यावर उभी राहिलेली अर्ध्या शतकाची टोपोलॉजी. आणि अट सैल केलेल्या या जगात एकुलता एक म. वक्ते म्हणाले होते जास्त किचकट. इथे तर किचकट असं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. हिरमोड दोन-चार दिवस टिकला. मग त्याची जागा एका वेगळ्याच कुतूहलाने घेतली: लाझारची सगळी श्रीमंती मग येते कुठून?

उत्तर शाळेतल्या द्विपदी विस्तारात आहे. (क + ख) चा घन करा. कख आणि खक एकच धरले तर मधल्या पदांना ३ आणि ३ असे सहगुणक लागतात, आणि दोन्हींना ३ ने भाग जातो. पाचव्या घातात ५, १०, १०, ५, सगळ्यांना ५ ने भाग जातो. चौथ्यात ४, ६, ४. सामाईक विभाजक २. सहाव्यात ६, १५, २०, १५, ६; सगळ्यांना सामाईक असं १ खेरीज काहीच नाही. घात एखाद्या मूळ संख्येचा घात असेल तरच त्या मूळ संख्येने भाग जातो, एरवी नाही. आणि लाझारच्या जगात जे जे नवं जन्मतं ते या भागाकारातून. मधली पदं घ्या, त्यांना त्या मूळ संख्येने भागा. हातात आलेली वस्तू चल बदलून मिळवलेली नाही, कारण चल बदलून तिची फक्त त्या मूळ संख्येइतकी पट मिळते. आता शब्दांच्या जगात तोच घन करा. ककख, कखक, खकक, कखख, खकख, खखक. सहा शब्द, प्रत्येक एकदाच. भागायचं कशाला? सहगुणक सगळे १. कितवाही घात घ्या, प्रत्येक शब्द एकदाच येतो. मूळ संख्यांना आत शिरायला फटच नाही.

म्हणजे मूळ संख्या आल्या त्या वेगळ्या गोष्टी एकच धरल्यामुळे. ककख, कखक आणि खकक यांच्यातला फरक आपण पुसतो, तिघांचं मिळून एक पद करतो, आणि त्या पदाच्या माथ्यावर ३ लिहावा लागतो. फरक पुसला की मोजावं लागतं, आणि मोजायला लागलं की ३ येतो, ५ येतो, ७ येतो, आणि त्यांच्यामागून हाइट, कोबॉर्डिझम, सगळी वरात. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. क्रमनिरपेक्षता ही सोयीसाठी केलेली सवलत आहे, तिने गणित सोपं होतं, असाच माझा समज होता. लाझारच्या प्रांतात तरी गणित अवघड आणि सुंदर होतं ते त्या सवलतीपायीच.

शब्दांची ही कल्पना टोपोलॉजीवाल्यांना नवी नाही, हेही इथेच सांगून टाकते. १९५५ सालीच, लाझारच्याच वर्षी, जेम्सने एखाद्या अवकाशातल्या बिंदूंना अक्षरं मानून त्यांच्या शब्दांचा अवकाश बांधला होता. अनंत मितीच्या कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह अवकाशावर ती रचना केली की त्याच्या होमोलॉजीत, म्हणजे त्याचा आकार टिपणाऱ्या बीजगणितात, क्रम न विसरणारी सममित फलनं येतात. बीजगणितात त्यांचा पद्धतशीर अभ्यास गेलफांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली केला. कोहोमोलॉजीत त्यांची दुसरी बाजू दिसते, क्वासिसिमेट्रिक फलनं. ती पूर्णांकांवर मोकळी बहुपदी रिंग बनवतात हा डिटर्सचा जुना कयास. तो हाझेविंकेलने २००१ साली सिद्ध केला. मग बेकर (वरच्या सूत्रातले नव्हेत) आणि रिख्टर यांनी २००८ साली दाखवलं की जेम्सच्या त्या अवकाशाच्या वाटेने टोपोलॉजीतूनच या निकालापर्यंत पोचता येतं. मला या निबंधांत सारखं एक वाटत राहतं, की शब्दांचा अवकाश हा मूळ आणि आपला ओळखीचा क्रमनिरपेक्ष अवकाश ही त्याची सावली. अर्थात हे माझं वाटणं. कुणी प्रमेय म्हणून घेऊ नये.

एकुलत्या एका म वर रुसून बसले होते, तो रुसवा पुरता गेला ती अनेक चलं घेतल्यावर. चलं चार असोत की चाळीस, हाच युक्तिवाद चालतो: दोन अक्षरी शब्दांपुढचं सगळं पुसता येतं. उरतो म च्या जागी सहगुणकांचा एक तक्ता, कुठल्या दोन चलांच्या शब्दाने कुठल्या चलाच्या नियमात किती भर घालायची ते सांगणारा. आणि तिसऱ्या घातात या तक्त्यावर एकच अट येते. ती अट लिहून काढली आणि बघतच राहिले. तो तक्ता एखाद्या गुणाकाराचा मानला, तर अट एवढीच आहे की त्या गुणाकाराने साहचर्य पाळावं. एकाच चलाला ही अट जाणवली नव्हती, कारण तिथे ती नुसतं म गुणिले म बरोबर म गुणिले म अशी येते. क्रमनिरपेक्ष चलांच्या जगात, भागायची मुभा असेल तर, फॉर्मल ग्रुप आणि ली अल्जिब्रा (कख − खक सारख्या फरकांचं बीजगणित) यांची जोडी जमते. शब्दांच्या जगात ली अल्जिब्राच्या खुर्चीत साधी साहचर्य पाळणारी अल्जिब्रा येऊन बसते, आणि तिला भागायची मुभाही लागत नाही. अर्धे, बारांश, चोविसांश, सगळे गेले. ज्यांना ऑपेरॅडची भाषा, म्हणजे क्रियांचे नियम हीच अभ्यासाची वस्तू मानणारी भाषा, येते ते म्हणतील, यात काय नवल, गिन्झबुर्ग आणि काप्रानोव यांनी १९९४ साली मांडलेली कोझुल द्वैताची जोडी आहे ही. बरोबर आहे. लाझारनेही १९५५ सालीच "अनालिझर" या नावाखाली चलांचे असे वेगवेगळे स्वभाव एकत्र मांडायचा घाट घातला होता, आणि फ्रेसने १९९८ साली तो धागा ऑपेरॅडच्या भाषेत पुढे नेला. पण द्वैताचं नाव घेऊन मोकळं होणं वेगळं, आणि आपल्याच पेन्सिलीच्या टोकाखाली साहचर्यातून साहचर्य निघताना बघणं वेगळं.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. वर सगळीकडे मी सहगुणक निमूट ठेवले होते. ते निमूट नसतील तर? तिथे फॉर्मल ग्रुप लॉ दूरच राहिला, चल बदलणंच धड चालत नाही. एकाच चलाच्या तीन मालिका घ्या: श + त·शश, श + थ·शश, श + द·शश. श सगळ्यांशी जुळवून घेतो, पण त, थ, द एकमेकांशी नाही. पहिलीत दुसरी घाला आणि मग तिसरी. किंवा दुसरीत तिसरी आधी घालून ती पहिलीत घाला. तिसऱ्या घातापर्यंत दोन्ही उत्तरं सारखी. चौथ्या घातात एका बाजूला तथद सहा वेळा येतो. दुसऱ्या बाजूला तथद पाच वेळा, आणि एकदा तदथ. बाकीची सगळी पदं जुळतात, फक्त त्या सहातल्या एकाने जागा बदललेली असते. फरक त(थद − दथ). फलनात फलन घालणं ही साहचर्याची आदर्श क्रिया समजली जाते, आणि तीच चौथ्या घातात पाय मोडून बसते.

ब्रुडर, फ्रॅबेट्टी आणि क्राटेनथालर यांनी २००६ साली या मालिकांची हॉफ अल्जिब्रा (गुणाकाराबरोबर तुकडे पाडायची क्रियाही असलेली अल्जिब्रा) बांधली, आणि आश्चर्य म्हणजे ती ठणठणीत आहे, तिचं कोसाहचर्य, म्हणजे तुकडे पाडण्यातलं साहचर्य, अबाधित आहे. मालिकांची गाठ साहचर्याने पडत नाही, पण त्यांची अल्जिब्रा मात्र पडते असं वागते! कारण शोधलं तर साधं आहे. हॉफ अल्जिब्रात तीन मालिकांचे सहगुणक टेन्सर गुणाकाराच्या तीन वेगळ्या खणांत राहतात, आणि वेगळ्या खणांतले घटक एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात. एकाच मालिकेचे सहगुणक आपसांत भांडले तरी चालतं, पण थ आणि द यांच्यात भांडण उरत नाही, आणि त(थद − दथ) शून्य होतं. म्हणजे क्रम मोडायचा, पण नेमका जिथे तो अंगाशी येतो तिथे हळूच परत जोडून घ्यायचा. हिशोब बरोबर आहे, क्वांटम फील्ड थिअरीतल्या रीनॉर्मलायझेशनला (अनंत येणारी उत्तरं आवरायच्या रीतीला) तो हवाही असतो, आणि तरी मला ती पळवाट वाटते. खण न करता, थ आणि द ना खुशाल भांडू देऊन, साहचर्याच्या जागी कुठली सौम्य अट टिकते ते बघायला हवं. फ्रॅबेट्टी आणि शेस्ताकोव्ह यांनी या मालिकांकडे ग्रुप म्हणून न बघता लूप म्हणून बघायचं सुचवलंय: भागाकार आहे, साहचर्य नाही. तो निबंध सध्या टेबलावर आहे, शेजारी पाठकोरे कागद आहेत, आणि पाचव्या घातातले शब्द मांडायला घेतले आहेत. चौथ्यापेक्षा ते बरेच जास्त आहेत.